शेवटच्या शॉटमधला माणूस

विलास, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तू कांदिवलीच्या घरी गेलास. जेवून आडवा झाला होतास. नंदा वहिनी चहाला हाक मारायला आल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. कारण हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. बुधवारी सकाळी अंत्यसंस्कार झाले. गुरुवारी एका दैनिकाने आतल्या पानावर तुझ्या निधनाची बातमी छापली. तुझं नाव बरोबर होतं, पुस्तकाचं नाव बरोबर होतं, वय एका वर्षाने चुकलं होतं. फोटो तुझा नव्हता.

पुढचं तुला सांगायला हवं. ते तुझ्या माघारी झालं आणि आपला अर्धवट राहिलेला वाद त्यात आहे.

आपली ओळख वादातूनच झाली. मी रविवारच्या पुरवणीत पुस्तकं आणि त्यांच्यावरून निघालेले सिनेमे यांच्याबद्दल लिहायचो. तू अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतास आणि पुरवणीला पत्रं पाठवायचास. पत्रांत शिव्या नसायच्या, पान क्रमांक असायचे. एकदा मी तुला भेटायला बोलावलं. स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे बसून तू आपली पद्धत ठरवलीस. एकाने फक्त पुस्तक वाचायचं, दुसऱ्याने फक्त सिनेमा बघायचा, मग समोरासमोर बसून एकमेकांना गोष्ट सांगायची. जिथे दोन गोष्टी जुळणार नाहीत तिथे थांबायचं आणि भांडायचं. पुस्तक प्रत्येक वेळी तूच घेतलंस. तुझं ऑफिस सुटायच्या बेताने मी मुलुंडहून यायचो. आपण तुझ्या घरच्या भानगडीबद्दल बोलतोय अशी तिथल्या वेटरची बरीच वर्षं समजूत होती, कारण तू मोठ्याने म्हणायचास की तिने त्याला सोडलं ते बरोबर केलं, परत आली हीच चूक झाली. एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, साहेबांची बायको परत आली ना? मी हो म्हटलं. त्याने तुला त्या दिवशी साखर जास्त घातली.

मग तू स्वतःच पुस्तक लिहिलंस आणि पद्धत मोडली. मी ते हस्तलिखितात वाचलं होतं, त्यामुळे त्याचा सिनेमा नुसता बघणारा मी उरलो नाही.

तुझी लघुकादंबरी बाबांवर होती. तू सहा वर्षांचा असताना बाबा परळच्या चाळीतून दुसऱ्या पाळीला निघाले आणि गिरणीत पोचले नाहीत. ते रंगखात्यात होते. काकूंनी, म्हणजे तुझ्या आईने, ते बेपत्ता झाल्याची तक्रार केली तेव्हा चौकीत फोटो मागितला. घरात बाबांचा एकच फोटो होता, लग्नातला, दोघांचा. काकूंनी कात्रीने त्यातले बाबा कापले आणि दिले. फोटो तक्रारीबरोबर गेला तो गेला. घरी राहिला लग्नाचा फोटो, त्यात काकू, आणि काकूंच्या शेजारी काड्यापेटीएवढं भोक. तू मला तो फोटो दाखवलास तेव्हा भोकातून तुझ्या तळहाताची रेष दिसत होती.

म्हणून तुझ्या पुस्तकातल्या बाबांना चेहरा नाही. पाठ आहे, खांदे आहेत, दारातल्या चपला आहेत, नखांच्या कडेला न निघणारा निळा रंग आहे. वाचणाऱ्याला हे शेवटपर्यंत खटकत नाही. मीही दुसऱ्या वाचनात पकडलं. शेवटच्या प्रकरणात मुलगा बापाचा पालाशविधी करतो. जो माणूस सापडला नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा. तू लिहिलं होतंस, नारळाला तीन डोळे होते पण तोंड नव्हतं. तिथे पुस्तक संपतं.

प्रत्यक्षात तो विधी झाला नव्हता. काकूंनी होऊ दिला नव्हता. तू नोकरीला लागलास तेव्हा विचारलंस, लग्नाआधी विचारलंस, लेकीच्या, मुक्ताच्या जन्मानंतर विचारलंस. काकूंचं उत्तर एकच, माणसाला मेलेला म्हणायला त्याचं प्रेत लागतं. दाराची आतली कडी त्यांनी कधी लावू दिली नाही. परळला दार नुसतं लोटलेलं असायचं. कांदिवलीला आलात तेव्हा लॅचच्या दारावर तुमचं भांडण झालं, आणि शेवटी लाकडी दार उघडं ठेवून बाहेरच्या जाळीच्या दाराला नुसता आकडा अडकवायचा, कडी नाही, असं ठरलं. तू म्हणालास, अगं, त्यांना इथला पत्ता कुठे माहीत आहे. काकूंनी तो केव्हाच चाळीतल्या शेजारणीकडे देऊन ठेवला होता. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा त्या स्वतः जाऊन टॉवरच्या वॉचमनला पत्ता देऊन आल्या. हे तू मला हसत सांगितलंस. नंतर बराच वेळ चहा ढवळत बसलास.

जे घरात करता आलं नाही ते तू पुस्तकात केलंस. बाबांना एकदा पोचवलंस. मी हे तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तूही म्हटलं नाहीस, सिनेमा होईपर्यंत.

दिग्दर्शिका तुझ्याकडे आली तेव्हा मी हजर होतो. हुशार बाई. पुस्तक दोनदा वाचून आली होती आणि चेहऱ्याची गोष्ट तिने आपणहून काढली. संपूर्ण सिनेमात वडील पाठमोरे ठेवीन, असं तिने सांगितलं. तू त्याच वाक्यावर हो म्हणालास. नखांच्या कडेच्या निळ्या रंगासाठी तू मेकअपवाल्याला दोनदा जाऊन समजावलंस. तरी त्याने सगळे तळवे निळे केले.

संकलनाच्या वेळी तिने बाहेरच्या काही लोकांना सिनेमा दाखवला. त्यांनी विचारलं, या माणसाने कुणाचा खून केलाय का? चेहरा का लपवताय? पुस्तकात न सांगितलेली गोष्ट तिथे नसते एवढंच, पडद्यावर न दाखवलेली गोष्ट लपवलेली असते. हे वाक्य माझं आहे, मी नंतर पुरवणीत लिहिलं, आणि तुला ते आवडलं नव्हतं. तिने पालाशविधी काढून टाकला. शेवटचा शॉट नवा घेतला. संध्याकाळ, चाळीचा सज्जा, अर्धं उघडं दार. पाठमोरा माणूस दारापाशी येतो, चपला काढतो आणि पहिल्यांदाच वळून बघतो. पडदा काळा.

तुला हे अंधेरीच्या त्या छोट्या प्रीव्ह्यू थिएटरात कळलं, आमच्या सगळ्यांबरोबर. काकू मधे बसल्या होत्या, डावीकडे तू, उजवीकडे मी. माणूस वळला. काकूंनी हळूच, कुणाला सांगायचं नसल्यासारखं म्हटलं, "इलो."

मी ऐकलं. तू ऐकलंस की नाही हे मी कधी विचारलं नाही. तू पडद्याकडे बघत होतास आणि दिवे लागल्यावरही तिकडेच बघत होतास.

बाहेर आल्यावर तू दिग्दर्शिकेशी भांडला नाहीस. तिच्याशी नीट बोललास, नटाशी हात मिळवलास. नट मोठा नव्हता. जाहिरातींतून दिसायचा, प्लायवूडच्या. भांडलास माझ्याशी. उडप्याकडे जाऊन बसल्यावर मी म्हणालो की तिला दुसरा मार्ग नव्हता, दीड तास पाठ दाखवल्यावर वळवावंच लागतं. तू म्हणालास, मग शेवटी पाटी टाकायची, पेपरात दुरुस्ती टाकता तशी: मूळ पुस्तकात सदर इसम परत आलेला नाही, प्रेक्षकांनी नोंद घ्यावी. मी हसलो. तू नाही हसलास.

"मी त्याला पोचवला होता रे," तू म्हणालास. "तिने परत आणून दारात उभा केला."

काकूंनी दिग्दर्शिकेकडे फोटो मागितला आणि तिने पाठवला. त्या शेवटच्या शॉटमधला, वळून बघणारा. काकूंनी तो चौकट करून हॉलमध्ये लावला. हार घातला नाही, कारण माणूस परत आलेला होता. तू चिडलास. आई, तो नट आहे, असं तू म्हणालास, तेव्हा मी सोफ्यावर बसलो होतो. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका ठाऊक आसा. तुज्याकडे दुसरो फोटो आसा काय?"

तुझ्याकडे नव्हता. फोटो भिंतीवर राहिला. टीव्हीवर प्लायवूडची जाहिरात लागली की काकू म्हणायच्या, "कामाक लागलो वाटता तुझो बापूस." नंदा वहिनी तोंडाला पदर लावून आत जायच्या. मुक्ता फोन करून मला हे साभिनय सांगायची. तू एकटा हसायचा नाहीस, आणि मला वाटायचं हा तुझा लेखकाचा मानापमान आहे. ते तेवढंच नव्हतं, हे तू एकदा सकाळी फोन केलास तेव्हा कळलं.

लहानपणापासून तुला बाबांचं एक स्वप्न पडायचं. ते सज्ज्यातून चालत जातायत आणि तू मागे. ते वळत नाहीत. हे स्वप्न पुस्तकात आहे. त्या सकाळी तू म्हणालास, काल वळला. मी विचारलं, बोलला काही? नाही म्हणालास. चेहरा प्लायवूडवाल्याचा होता, हात बाबांचे. नखं बरोबर होती.

त्यानंतर ते स्वप्न तसंच पडत राहिलं. न वळणारा बाप तुला पुन्हा दिसला नाही. तू म्हणालास की चेहरा आठवत नव्हता तेव्हा निदान जागा मोकळी होती. मी तेव्हा काहीतरी बोललो, वाचकाच्या मनातल्या प्रतिमेवर सिनेमा कायमचा बसतो वगैरे, म्हणजे लेखात लिहितात तसं. तू ऐकून घेतलंस.

तुझ्या मृत्यूनंतर मी तुझ्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. पहिला परिच्छेद मला तोंडपाठ आहे, पण डोळ्यांसमोर आला तो सिनेमातला सज्जा, पिवळ्या दिव्याचा. तुझ्या परिच्छेदात दिवा नाही. मग तुझा चेहरा आठवायला गेलो. इतक्या वर्षांत तुला कितीतरी ठिकाणी पाहिलं, पण आठवतो तो थिएटरातला, काकूंच्या पलीकडे, पडद्याचा उजेड पडलेला. तो उजेड त्या माणसाच्या वळण्याचा आहे.

आपलं शेवटचं बोलणं तुझ्या जाण्याआधीच्या आठवड्यातलं. दुसरी आवृत्ती निघत होती. प्रकाशकाला मुखपृष्ठावर सिनेमातला फोटो हवा होता, तो तू नाकारला होतास. प्रस्तावनेत एक ओळ घालायची होती: या पुस्तकातला माणूस परत येत नाही. घालू का, असं मला विचारलंस. मी म्हणालो, नको, पुस्तक तेच सांगतं. तू म्हणालास, सांगत होतं, आता लोक सिनेमा बघून वाचतात आणि शेवटचं प्रकरण संपलं की मला फोन करून विचारतात की पानं गहाळ आहेत का. रविवारी बोलू, असं ठरलं. रविवारी तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. ओळ घालायची की नाही हे ठरलेलं नाही. प्रकाशकाने मला विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा तू मुलुंडला आला होतास. आत येऊन बसला नाहीस. दारात येणाऱ्यांच्या चपलांचा ढीग झाला होता, तू उकिडवा बसून जोड लावत होतास. उठणाऱ्याला त्याची चप्पल समोर मिळत होती. मी ते आतून बघत होतो आणि त्या दिवसातलं तेवढंच मला नीट आठवतं. बुधवारी कांदिवलीला तुला नेईपर्यंत मी जोड लावत बसलो होतो. तुझी चप्पल त्यात होती. ती मी कडेला ठेवली.

आता गुरुवारचं.

फोटोची चूक कशी झाली ते मी त्या दैनिकात फोन करून विचारलं. रात्रपाळीच्या मुलीला तुझा फोटो मिळाला नाही. तुला फोटो काढून घ्यायचा कंटाळा, हे तिला कुठून माहीत असणार. तिने तुझं नाव आणि पुस्तकाचं नाव टाकून शोधलं. सगळीकडे एकच चेहरा आला, दारात वळलेला. वय साधारण जुळत होतं. तिने तो लावला. तिच्या जागी मी असतो तरी कदाचित लावला असता. पहिला फोन मला त्या नटाचाच आला. सकाळपासून लोक त्याला बरा आहेस ना म्हणून विचारत होते, आणि त्याला त्याची लाज वाटत होती. भेटायला येऊ का, असं त्याने विचारलं. मी वहिनींना विचारून सांगतो म्हणालो. वहिनींनी नको म्हटलं.

मी कांदिवलीला पोचलो तेव्हा पेपर काकूंच्या मांडीवर होता. काकूंना मोठ्या अक्षरांपुरतं वाचता येतं. वर निधन लिहिलेलं, खाली तो चेहरा. वहिनी त्यांना समजावत होत्या की पेपरवाल्यांनी चुकून दुसऱ्याचा फोटो टाकला. मीही सांगितलं, काकू, चूक झाली आहे, उद्या दुरुस्ती छापून येईल. काकू मला मुलुंडवाला म्हणतात. म्हणाल्या, मुलुंडवाल्या, तू बस.

मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "झिलाक न्हेवक इल्लो तो. तेवा माका कळाक नाय. आता दोघांचा एकदमच करा."

बाबा वळले ते मुलाला न्यायला, असं त्या थिएटरातल्या शॉटबद्दल म्हणत होत्या. मुक्ताने विचारलं, "आजी, आजोबांचं पण?" काकूंनी मान हलवली.

दुरुस्ती शुक्रवारी आली, चौथ्या पानावर, तुझ्या ओळखपत्रावरच्या फोटोसह. तो वहिनींनी दिला होता. मजकूर बरोबर होता. वहिनींनी मला फोनवर विचारलं, भाऊजी, हे आईंना दाखवू का? आयुष्यभर माझं मत असं की चूक जिथे पोचली तिथे दुरुस्ती पोचली पाहिजे. मी म्हणालो, तुम्ही ठरवा. त्यांनी दाखवलं. काकूंनी तुझा फोटो पाहिला, कापून ठेवायला सांगितला. कात्री वहिनींनी चालवली. पूर्ण पान बाजूला काढून, वरचा मजकूर आणि खालची जाहिरात तशीच ठेवून, कडेला भरपूर जागा सोडून.

पळसाची पानं बोरिवलीला स्टेशनजवळ पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळाली, पत्रावळीसाठी वाळवलेली. दुकानदाराने विचारलं किती जेवणार आहेत. मी म्हणालो, कुणी नाही. दहाव्याच्या सकाळी घाटावर भटजींनी पुतळा बांधायला घेतला तेव्हा मुक्ताने तुझं पुस्तक सोबत आणलं होतं आणि शेवटचं प्रकरण बघून ती भटजींना सांगत होती, आता नारळ. भटजी म्हणाले, पुस्तकात बरोबर लिहिलंय, कोणाचं आहे? बाबांचं, ती म्हणाली.

पुस्तकात आणि त्या सकाळी झालेल्यात तीन फरक होते. पुस्तकात मुलगा अग्नी देतो, इथे नातीने दिला. पुस्तकात त्या वेळी पाऊस आहे, इथे कोरडं होतं आणि पानं लवकर पेटली. पुस्तकात आई येत नाही. काकू आल्या होत्या. खुर्चीवर बसून होत्या, नारळ तडकेपर्यंत.

त्यानंतर तुझे पिंड झाले. कावळा लगेच शिवला.

घरी आल्यावर काकूंनी भिंतीवरच्या फोटोला हार घालायला सांगितला. तुझा मोठा फोटो अजून तयार होऊन आला नव्हता. संध्याकाळी मी निघालो तेव्हा वहिनी जाळीच्या दारापर्यंत आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी आकडा अडकवला आणि त्या वळल्या. आतून काकूंचा आवाज आला, "नंदा, कडी लाव गो."

वहिनींनी कडी लावली.